आधी वरचा फलक वाचा

पंचाक्षरी आप्पांना कुणी नावं ठेवलेली मला खपत नाही. मी ठेवतो, ती गोष्ट वेगळी. पंचवीस वर्षं मी त्यांच्या माईकचा आवाज ऐकलाय, तेवढा हक्क मला आहे.

आप्पा आमच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते आणि मी कंडक्टर. उदगीरहून जळकोटकडं जाताना मधी आमचं गाव लागतं. स्टँड असून असून केवढं? तीन फलाट, एक रसवंती आणि एक चौकशीची खिडकी. खिडकीच्या आत आप्पा. कपाळाला भस्म, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. खिडकीच्या वर भिंतीला त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेला गाड्यांचा फलक. अक्षर असं, की गाडी चुकली तरी चालेल पण बघत उभं राहावं. आणि एवढा फलक डोक्यावर असताना एखादी बाई खिडकीत तोंड घालून विचारायची, "भाऊ, लातूर गाडी कवा हाय?" झालं! आप्पा माईक तोंडाशी न्यायचे आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणायचे, "प्रवाशांनी आधी वरचा फलक वाचावा. तेच तेच विचारून खोळंबा करू नये."

स्टँड हसायचं. मी पण हसायचो, खोटं कशाला बोलू. ती बाई पदर तोंडाला लावून बाजूला सरकायची आणि रसवंतीवाल्याला हळूच विचारायची. तिला वाचता येत नसेल हे आम्हाला कळत नव्हतं असं नाही. कळायचं. पण गाडी सुटायच्या घाईत तेवढं कोण मनावर घेतंय?

संध्याकाळी आप्पा नोंदवही लिहायला बसायचे. शेवटचा रकाना शेऱ्याचा. दिवसभरात खिडकीवर भांडायला कुणी आलं नसेल, तर शेऱ्यात एकच शब्द: सुरळीत. मला एकदा म्हणाले, "साहेबराव, खिडकीवर माणूस न्हाई म्हंजे स्टँड सुरळीत हाय. लई सोपं असतंय." एसटीत ते खपून गेलं, कारण गाडी चुकलेला माणूस गप बसत नाही, आई-बहीण काढतो. आप्पा रिटायर झाले तरी ती सवय त्यांच्या अंगात तशीच राहिली.

मग दोन हजार सोळाचा उन्हाळा आला. सलग पाऊस नाही. विहिरींचे तळ उघडे, बोअर घेईल तिथं नुसता धुरळा. लातूर शहराला रेल्वेनं पाणी आणलं, ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. आमच्याकडं रेल्वे कुठली यायला! आमच्याकडं टँकर. तो कधी सकाळी यायचा, कधी भलत्याच वेळी, कधी यायचाच नाही. बाया घागरींच्या रांगा लावून दिवसदिवस बसायच्या. आप्पांच्या लेकानं पुण्याहून त्यांना एक मोबाईल पाठवला होता. त्यावर आप्पांनी व्हॉट्सॲपचा गट काढला. नाव ठेवलं, 'टँकर कुठं हाय?' गावोगावच्या माणसांनी लिहायचं, गाडी कुठं निघाली, कुठं पोचली. कल्पना एक नंबर होती. पंधरा दिवसांत गट गच्च भरला, दोनशे छप्पन माणसं.

आणि माणसं आली की त्यांचं सगळं येतंय. सकाळी उठलं की गुलाबाची फुलं आणि शुभ प्रभात. त्यात उदगीर जिल्ह्याचं पेटलेलं. जिल्हा झालाच पाहिजे, आमचा तालुका कुठल्या जिल्ह्यात जाणार, अमक्या तालुक्यानं तमक्यात का जावं, नवे नकाशे, त्या नकाशांवर भांडणं. हिमायतनगरच्या कुणाच्या तरी पाहुण्यानं तिकडचेही नकाशे आणून टाकले. जिल्हा यायचा तेव्हा येईल, हो, पण घशाला कोरड पडलीय तिचं काय? एक दिवस एका गावचा टँकर वाटेत बंद पडला. तिथल्या पोरानं ते लगेच लिहिलंही होतं. ते नव्वद नकाशांच्या खाली गेलं आणि गाव दिवसभर वाट बघत बसलं.

त्या दिवशी मी आप्पांच्या घरी जाऊन तावातावानं बोललो. "आप्पा, हा गट हाय का बाजार? तुमचा माईक काढा बाहेर! जरा कडक व्हा."

हे मी बोललो. लिहून ठेवतो, कारण आप्पांनी नंतर सगळी चूक एकट्याच्या अंगावर घेतली आणि मी घेऊ दिली.

आप्पा कडक झाले. नकाशेवाल्यांना काढलं, फुलंवाल्यांना काढलं. रोज संध्याकाळी ते एक तक्ता टाकायला लागले, त्यालाही नाव फलकच. गाव, खेप, वेळ, शेरा. ज्या गावाचं कुणी काही लिहिलं नाही त्याच्यापुढं 'तक्रार नाही.' कुणी नवीन माणूस आला आणि 'आज गाडी येणार का' म्हणून विचारलं, की आप्पांचं ठरलेलं उत्तर जायचं: 'नवीन सदस्यांनी आधी वरचा फलक वाचावा. तेच तेच विचारून गटाचा खोळंबा करू नये.' तीच ओळ त्यांनी गटाच्या माथ्यावरही लिहून ठेवली.

चार दिवसांत गट असा शांत झाला की काय सांगू. लोक म्हणायचे, आप्पा, गट असावा तर असा. तहसील कचेरीतला एक ओळखीचा माणूस तो तक्ता रोज आपल्या साहेबापुढं ठेवायला लागला, टँकर कुठं वाढवायचा ते बघायला. आप्पांची छाती फुगली. माझीही फुगली.

त्याच आठवड्यात नागुबाई गटात आली. माळवस्तीची. आमच्या गावापासून उदगीरकडं कोसभर गेलं की रस्त्याला पाटी लागते, तिथून वर माळावर चढलं की सव्वीस घरं. नागुबाई तिथल्या अंगणवाडीत मदतनीस. पन्नाशीची बाई, शाळा चौथीपर्यंत. कुणाचा तरी वापरलेला मोबाईल तिनं घेतला होता. वस्तीत तसला फोन तेवढा एकच. आप्पांनीच तिला गटात घेतलं आणि नंबर 'नागुबाई माळवस्ती' म्हणून साठवून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं लिहिलं: 'टाकी कोरडी हाय. गाडी कवा येनार.'

मला नंतर कळलं, तेवढ्या दोन ओळी लिहायला तिला अर्धा तास लागला होता. आयुष्यात तिनं चार माणसांपुढं काही लिहिलेलं ते पहिलंच.

आप्पांचं उत्तर मिनिटात गेलं. नवीन सदस्यांनी आधी वरचा फलक वाचावा. खाली कुणीतरी दात काढणारे चेहरे टाकले. मी गाडीत उभा होतो, मोबाईल बघितला आणि तीन अंगठे टाकले. कुणाचा प्रश्न होता ते वर जाऊन बघितलंही नाही. आप्पा कडक झाले याचाच आनंद.

नागुबाई परत बोलली नाही. तक्त्यात त्या संध्याकाळी माळवस्तीपुढं आलं, एक खेप, तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

मे महिन्यातली गोष्ट. मी दुपारची उदगीर गाडी घेऊन निघालो होतो. माळवस्तीच्या पाटीला चार माणसांनी हात केला. त्यांच्यात वाकळेची झोळी केलेली आणि झोळीत एक म्हातारी. भामाबाई, नागुबाईची थोरली जाऊ. मागच्या लांब सीटवर तिला आडवं केलं. डोकं मांडीवर घेऊन नागुबाई बसली. गाडी हलली की म्हातारी कळवळायची, ड्रायव्हरनं गाडी बैलगाडीसारखी हाकली.

"काय झालं ओ?" मी विचारलं.

"घसरल्या. खाली घळीत झरा हाय, तिथनं घागर घेऊन चढताना. मांडीचं हाड गेलंय वाटतंय."

"घळीत कशाला उतरायलाव तुम्ही? वस्तीवर टँकर येतोय की रोज!"

नागुबाईनं माझ्याकडं बघितलं. "येतोय व्हय? आमाला तर दिसला न्हाई."

मग हळूहळू कळलं. माळावर चढायची वाट खराब. ड्रायव्हर वस्तीची खेप खालच्या गावच्या विहिरीतच मोकळी करायचा आणि एक खेप माळवस्ती म्हणून सांगून मोकळा व्हायचा. वस्तीची माणसं सरपंचाकडं जाऊन आली होती. सरपंचानं त्यांना मोबाईल दाखवला होता. हे बघा, म्हणाला, तुमच्यापुढं तक्रार नाही लिहिलंय, आता मी काय करू?

"मग गटावर लिहायचं ना बाई! तुम्ही हाव की गटात!" मी चढ्या आवाजात बोललो. माझी खोड आहे ती, चूक माझी असली की आवाज आधी चढतो.

"लिवलं होतं की," ती म्हणाली. "एकदा."

तेवढंच बोलली आणि भामाबाईच्या तोंडावरच्या माश्या हाकलायला लागली.

उदगीरहून परत आल्यावर मी घरी न जाता थेट आप्पांकडं गेलो. आप्पा ओसरीवर बसून तक्ताच करायले होते. मी सांगितलं. ऐकायलाच तयार नाहीत. "असं होणारच न्हाई, साहेबराव. नागुबाई गटात आल्यापासनं एकोणीस तक्ते हाईत माझ्याकडं. एकाही दिवशी तिथनं तक्रार न्हाई." मी म्हणलं, वर जा. वर जा, आप्पा, एकोणीस दिवस वर. ते बोटानं पडदा सरकवत गेले. सापडलं. टाकी कोरडी हाय, गाडी कवा येनार. त्याखाली त्यांचं उत्तर. त्याखाली माझे तीन अंगठे.

मग आप्पांनी एक तक्ता बोटानं दाबून धरला. कुणी कुणी वाचलाय ते त्यात दिसतं, मला ते तोवर माहीतही नव्हतं. त्यांनी एक बघितला, दुसरा बघितला, असे सगळे एकोणीस बघितले. प्रत्येकात वाचणाऱ्यांमध्ये नाव होतं, नागुबाई माळवस्ती.

"साहेबराव," आप्पा म्हणाले, "हिनं सगळे वाचलेत रे. घळीत उतरायच्या आधी वाचलेत आणि वर आल्यावर वाचलेत. आणि मी लिहायलो, तक्रार न्हाई."

एवढं बोलून रडायला लागले. साठीचा माणूस, कपाळाला भस्म, हातात मोबाईल, आणि हुंदके. त्यांची बायको शिवगंगाबाई आतून धावत आल्या, त्यांना वाटलं पुण्याहून काही वाईट बातमी आली.

मग आप्पांनी कचेरीतल्या माणसाला फोन लावला आणि असं झापलं की तो ऐकतच राहिला. स्वतःला पण झापलं त्याच फोनवर. दिवस मावळायच्या आत टँकर माळावर चढला. ड्रायव्हरच्या शेजारी आप्पा बसलेले. वाटेत तीन ठिकाणी उतरून त्यांनी चाकापुढचे दगड हातानं बाजूला काढले. टाकी भरली. पण नागुबाई उदगीरला दवाखान्यात होती, तिनं ते बघितलं नाही.

आठवड्यानं ती परत आली तेव्हा आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. भिंतीला बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली अंगणवाडीचं रजिस्टर आणि कोपऱ्यात बाजेवर भामाबाई. तिचं हाड बसवलं होतं, पण डॉक्टरनं सांगितलं होतं, आता चालणं कठीण. नागुबाईनं रीतीप्रमाणं आधी पाण्याचा तांब्या पुढं केला. आप्पांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

"नागुबाई, चुकलं माझं," ते म्हणाले. "तुमी परत लिहा गटावर. रोज लिहा. मी सगळ्यांदेखत माफी मागतो."

"माफी कशाला, आप्पा? तुमी काय शिव्या दिल्या न्हाईत."

"मग परत का लिहिलं न्हाई?"

नागुबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "तुमी म्हणलाव फलक वाचा. मी वाचला. फलकावर लिवलेलं, गाडी आली म्हणून. मला वाटलं, तुमी शिकलेली माणसं, लिवलंय म्हंजे आली असंल. आमालाच कळंना झालंय, कुणी दुसऱ्यानं भरून नेलं असंल. आन् परत इचारलं तर सगळे परत हसतील. म्हणलं जाऊ द्या, घळीत पाणी हाय की."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. आप्पा मात्र बसून राहिले. "आता लिहाल ना?"

"बघू," ती म्हणाली.

आप्पांनी माफी मागितली. गटावर, दोनशे माणसांपुढं, नाव घेऊन. आणि त्या दिवसापासून माणूस बदलला. गटाच्या माथ्यावरची ती ओळ खोडून लिहिलं, 'काहीही विचारा. परत विचारलं तरी चालतं.' नवीन माणूस आला की आप्पा आधी त्याला फोन करायचे, गाव कुठलं, टाकी कुठं, घरी कोण कोण. कुणी दहाव्यांदा तेच विचारलं तरी नाव घेऊन उत्तर द्यायचे. वही घेऊन त्यांनी यादी केली. गटात येऊन एकदा बोललेले आणि परत कधीच न बोललेले किती? एकसष्ट निघाले. एकसष्ट माणसं, आणि आम्ही म्हणत होतो, गट कसा शांत आहे बघा! आप्पांनी एकेकाला फोन लावला. त्यातली बरीचशी परत लिहायला लागली. शेऱ्याच्या रकान्यात 'तक्रार नाही' गेलं आणि 'अमक्याशी बोललो' आलं.

फुलं परत आली, नकाशेही परत आले. मी कटकट केली की आप्पा म्हणायचे, "येऊ द्या. ज्याला आज फूल टाकायचा धीर झाला, तो उद्या टाकी कोरडी हाय म्हणून लिहील."

नागुबाईनं मात्र लिहिलं नाही. आप्पा रोज तिला फोन करायचे. फोनवर ती चांगली बोलायची. आली गाडी, भरली टाकी, भामाबाईला बरं हाय. आप्पा म्हणायचे, तेवढं गटावर लिहा की. ती म्हणायची, लिवते. आणि लिहायची नाही. संध्याकाळी तक्ता टाकला की आप्पा दाबून बघायचे. वाचलेला असायचा. वाचायची सगळं.

जूनमध्ये पाऊस झाला, टँकर बंद झाले. दुष्काळ सरला तशी माणसं एकेक करून गटातून निघून गेली. माझंही बोट निघायच्या बटणावर गेलं होतं, पण आप्पांच्या भीतीनं राहिलो. शेवटी राहिलो चाळीस-एक जण. कुणी तुरीला काय भाव ते विचारायचं, कुणी उदगीर जिल्हा कधी ते. आप्पांनी गट बंद केला नाही. मी विचारलं, आता कशाला ठेवलाय हा? म्हणाले, "अजून एक माणूस बोलायचा राहिलाय."

दोन वर्षांनी भामाबाई त्याच बाजेवर गेली. आप्पा मातीला गेले होते. आल्यावर मला म्हणाले, "त्या बाईनं मला एकच प्रश्न विचारला होता, साहेबराव. मी उत्तर दिलं असतं तर ती म्हातारी चालत असती." मी म्हणलं, आप्पा, अंगठे मी टाकले होते. "तू अंगठे टाकलास," ते म्हणाले, "पण खिडकीत मी बसलो होतो."

पुढच्या वर्षी जानेवारीत, सकाळी पूजेला बसल्या जागीच आप्पा गेले. शिवगंगाबाईंनी त्यांचा मोबाईल माझ्या हातात दिला. म्हणाल्या, गटावर तुम्हीच टाका, त्यांची सगळी माणसं तिथंच आहेत. मी तिथंच ओसरीवर बसून माझ्या मोबाईलवरून लिहिलं: 'पंचाक्षरी आप्पा लिंगैक्य झाले. माती आज दुपारी चार वाजता त्यांच्या शेतात.' चार वाजता हे मी ठळक केलं, कारण लोक विचारून विचारून हैराण करतात हे मला माहीत होतं.

खाली हात जोडलेले आले, फुलं आली. मी मोबाईल खिशात टाकणार, तेवढ्यात एक ओळ आली.

नागुबाई माळवस्ती: 'आप्पाची माती कवा हाय.'

तीन वर्षांनी. आणि आप्पांचा मोबाईल माझ्या मांडीवर, त्यातही तीच ओळ उजळलेली. मी आत बघितलं. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं आप्पांना भिंतीला टेकवून बसवलं होतं, गळ्यात हार, कपाळाला भस्म. आप्पा, आली हो, असं मी मोठ्यानं म्हणालो. ओसरीवरची माणसं माझ्याकडं बघायला लागली.

परत गटावर बघतो, तर तोवर कुणीतरी लिहिलं होतं, 'ताई, वर लिहिलंय की, वाचा जरा.' खाली एक अंगठाही आलेला.

मला असा संताप आला! ती माणसं समोर असती तर मी हात उचलला असता. पण चष्मा पुसला आणि आधी तिला उत्तर लिहिलं. दोनदा चुकलं, पुसून परत लिहिलं.

'चार वाजता, नागुबाई. शेतात. तीनची जळकोट गाडी तुमच्या पाटीवरूनच इकडं येते, तिला हात करा, मी ड्रायव्हरला सांगून ठेवतो. तुम्ही आल्याशिवाय आप्पांना उचलत नाही.'